पानाने टाकलेले ऊन



या व्यासपीठावर आम्हांला पूर्वी बोलाविले होते ते कामगार कायद्यावर बोलण्यासाठी. यंदा आम्ही झाडाच्या पानावर बोलतो म्हणून कळविले, तेव्हा चिटणीस क्षणभर गप्प राहिले. त्यांचा संशय रास्त होता. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. वनस्पतिशास्त्राचे आम्ही पंडित नाही. तरीही या विषयाकडे आम्ही का वळलो, ते आधी सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात बॉयलरवर काम करणाऱ्या एका कामगाराला नोटीस मिळाली. त्या दिवशी दुपारी कारखान्यातील यंत्रे एकाएकी बंद पडली. वाफ घेणारे कोणी उरले नाही, पण भट्टी तर पेटलेली. दाब चढला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. बराच वेळ वाफ आकाशात जात राहिली. व्यवस्थापनाने जळणाचा हिशेब मांडला आणि वाफ वाया घालविल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला. चौकशीच्या आदल्या रात्री तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, ती वाफ वाया नाही गेली. ती गेली म्हणून मी घरी आलो." आम्ही हेच वाक्य दुसऱ्या दिवशी चौकशीत मांडले. नोटीस मागे घेतली गेली. दोन दिवसांचा पगार मात्र कापला तो कापलाच.

पुढे काही वर्षांनी वाचनालयात एका लेखात आम्ही वाचले की झाडाचे हिरवे पान भर दुपारी घेतलेल्या प्रकाशाचा मोठा वाटा कामाला न लावता उष्णता करून टाकून देते, आणि शास्त्रज्ञांनीही कित्येक वर्षे त्या उष्णतेला निव्वळ नुकसान मानले होते. तेव्हा तो बॉयलरवाला आम्हांला आठवला. त्या दिवसापासून या शोधाचा माग आम्ही काढीत आलो. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

एका हिशेबाचे भांडण

आरंभीचा इतिहास आपण शाळेत शिकलेलो आहोत. प्रीस्टली याने 1771 साली पुदिन्याची डहाळी बंद हवेत ठेवली आणि बिघडलेली हवा तिच्यामुळे सुधारते असे पाहिले. इंगनहाउझ याने 1779 साली दाखविले की हे काम उन्हात, आणि हिरव्या भागाकडूनच होते. 1845 साली रॉबर्ट मायर या जर्मन वैद्याने सांगितले की पान उन्हाची शक्ती साठवून ठेवते. चुलीतले लाकूड म्हणजे साठविलेले ऊनच.

एकदा शक्तीची भाषा आली की हिशेब आलाच. किती ऊन घातले आणि किती माल निघाला? बर्लिनचा ओटो वारबुर्ग हा त्या काळचा मोठा शास्त्रज्ञ. 1931 सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्याने 1920 नंतरच्या दशकात मोजमाप करून सांगितले की प्राणवायूचा एक रेणू बाहेर काढायला प्रकाशाचे चार कण पुरतात. म्हणजे पान हा जवळजवळ निर्दोष कारखाना ठरला. त्याचाच शिष्य, अमेरिकेचा रॉबर्ट इमर्सन, 1927 साली बर्लिनहून पदवी घेऊन परत गेला आणि काही वर्षांनी तेच मोजमाप त्याने पुन्हा केले. त्याला चार पुरेनात, आठ ते बारा कण लागत. गुरु-शिष्यांचे हे भांडण वर्षानुवर्षे चालले. 1948 साली वारबुर्ग स्वतः इलिनॉय राज्यातील अर्बाना येथे इमर्सनच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला, तरी समेट झाला नाही. अखेर शिष्याचा आकडा खरा ठरला.

या इमर्सनविषयी आम्हांला आदर आहे, आणि तो एकट्या आकड्यामुळे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडले, तेव्हा मांझनार येथील छावणीत जाऊन तेथल्या लोकांबरोबर त्याने रबर देणाऱ्या वायुले या झुडपावर संशोधन केले. कोंडलेल्या माणसांना त्याने सहकारी मानले.

पण आमचा मुद्दा वेगळा आहे. या भांडणात दोन्ही बाजू मंद प्रकाशातच मोजमाप करीत होत्या, कारण कार्यक्षमता तिथेच सर्वांत अधिक दिसते. भर दुपारी पान काय करते, हा प्रश्न त्या हिशेबात बसतच नव्हता.

एक दरवाजा आणि अडीच हजार हात

तो प्रश्न उभा कसा राहतो, याचे उत्तरही इमर्सनच्याच एका प्रयोगात होते. विल्यम अर्नोल्ड हा त्याचा विद्यार्थी. या दोघांनी 1932 साली हिरव्या शेवाळावर प्रकाशाचे अतिशय अल्प काळाचे, पण प्रखर झोत टाकले. कल्पना अशी की प्रत्येक झोतात हरितद्रव्याचा प्रत्येक रेणू निदान एकदा तरी कामाला लागावा. हिशेब निघाला तो चकित करणारा. एका झोतामागे हरितद्रव्याच्या सुमारे अडीच हजार रेणूंमागे प्राणवायूचा अवघा एक रेणू बाहेर पडत होता!

याचा अर्थ पुढे स्पष्ट झाला. हरितद्रव्याचे बहुतेक रेणू स्वतः रसायन घडवीतच नाहीत. ते प्रकाश झेलतात आणि हातोहात पुढे देत थोड्याशा केंद्रांकडे पोचवितात. खरी घडामोड त्या केंद्रांत होते. मार्केट यार्डात शेकडो हमाल पोती वाहून आणतात आणि वजनकाटा एकच असतो, तसा हा प्रकार.

अशी रचना का? सकाळी, ढगाळ दिवशी किंवा दुसऱ्या पानाच्या सावलीत प्रकाश तुटपुंजा असतो. तेव्हा झेलणारे हात पुष्कळ असले तरच काट्याला काम मिळते. पण दुपारी बारा वाजता तेच हात शत्रू होतात. पुष्कळ झाडांच्या पानांचे काम भर उन्हाच्या पाव ते निम्म्या प्रकाशातच भरून जाते. आपला ऊस याला काहीसा अपवाद आहे. तो भर उन्हाचाही बराच उपयोग करून घेतो. इतरांच्या पानात मात्र झेललेला प्रकाश तुंबतो. पानाला डोळे मिटून घेता येत नाहीत. झेललेल्या शक्तीचे काहीतरी केलेच पाहिजे.

न केले तर काय होते, हे 1955 साली अमेरिकेत दिसले. रॉजर स्टेनियर आणि त्याच्या सहकाऱ्यांकडे प्रकाशावर जगणारे एक जिवाणू होते. त्यांतील एका बिघडलेल्या वाणात पिवळी-तांबडी रंगद्रव्ये, म्हणजे गाजरात असतात त्या जातीची, तयारच होत नव्हती. हा वाण हवा नसलेल्या उजेडात जगे. अंधारात हवेतही जगे. पण उजेड आणि हवा दोन्ही एकदम मिळाली की मरे. हरितद्रव्याने झेललेली शक्ती वाट न मिळाल्याने प्राणवायूला चेतवीत होती, आणि चेतलेला प्राणवायू घरालाच आग लावीत होता. ज्यांना लोक पानातील दुय्यम रंग समजत, ती पिवळी द्रव्ये ही खरी राखणदार होती.

हिरव्या झाडालाही ही आग चुकलेली नाही. अति प्रखर प्रकाशात प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच निकामी होत जाते, हे बेसेल कोक याने 1956 साली मांडले. पुढे असे समजले की केंद्रातील एक प्रथिन उन्हात सतत मोडते आणि पान ते काढून नवे बसवीत असते. दिवसातून कित्येक वेळा ही डागडुजी चालते.

तांबडी झाक

आता थोडे मागे जाऊ. 1931 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे हान्स काउट्स्की आणि त्याचा सहकारी हिर्श यांनी एक साधा प्रयोग केला. पान काही वेळ अंधारात ठेवले, मग त्यावर एकदम प्रकाश टाकला आणि गडद तांबड्या काचेतून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. पानातून एक तांबडी झाक निघाली, क्षणात वाढली आणि मग हळूहळू मंदावत गेली. या झाकेला शास्त्रात प्रतिदीप्ती म्हणतात. हरितद्रव्याने झेललेली शक्ती कामाला लागली नाही, उष्णता होऊन गेली नाही, तर तिचा अगदी थोडा अंश, शेकड्यात एखाद-दुसरा, असा तांबडा होऊन बाहेर पडतो.

आम्ही हे स्वतः पाहिले आहे. गावातील एका महाविद्यालयाच्या शिक्षकांनी निळा दिवा आणि तांबडी काच यांवर हा प्रयोग आम्हांला करून दाखविला. काळोख्या खोलीत ते पान निखाऱ्यासारखे दिसले आणि पाहता पाहता विझले. एवढी क्षुल्लक गोष्ट, पण पानाच्या आत काय चालले आहे हे पान न कापता सांगणारी हीच एक खिडकी आहे.

काउट्स्कीची आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रकाशाने चेतलेला प्राणवायू हा स्वतंत्रपणे वावरणारा विध्वंसक पदार्थ असतो, असे त्याने त्याच सुमारास प्रयोगाने दाखविले होते. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. 1964 साली दुसऱ्या शास्त्रज्ञांच्या कामातून ते पटले. धोका आणि तो ओळखण्याची खिडकी, दोन्ही त्याच्याच हाती लागली होती. फक्त दोहोंचा संबंध जोडायला जगाला अर्धशतक लागले.

झाक मंदावते ती का? पहिले उत्तर सोपे होते. केंद्रे अंधारातून जागी होऊन कामाला लागतात, शक्ती तिकडे जाते आणि झाकेला कमी उरते. पण हे उत्तर पुरे पडेना. येथे आपल्या देशातील एका माणसाचे नाव येते. गोविंदजी हे अलाहाबादचे. जन्म 1932 सालचा. नाव एवढेच लिहीत, आडनाव लावीत नसत. 1956 साली ते अर्बानाला इमर्सनकडे शिकावयास गेले. 1959 च्या फेब्रुवारीत इमर्सन न्यूयॉर्कजवळ विमान अपघातात वारला, तेव्हा त्यांनी राबिनोविच यांच्या हाताखाली अभ्यास पुरा केला. 1968 साली गोविंदजी आणि त्यांचे ग्रीक विद्यार्थी पापाजॉर्जिऊ यांनी, व त्याच सुमारास जपानच्या मुराता यांनी, दाखविले की झाकेचे काही चढउतार कामाच्या वेगाशी जुळतच नाहीत. काम तेवढेच आणि झाक मात्र कमी! मग शक्ती गेली कुठे? 1970 साली रेट आणि क्रॉफ्ट्स यांनी याचा संबंध पानाच्या पेशीत साठणाऱ्या आम्लतेशी जोडला.

पिवळ्या द्रव्याची फेरपाळी

इकडे दुसऱ्याच वाटेने एक धागा येत होता. 1957 साली लेनिनग्राडच्या सापोझ्निकोव्ह यांना आढळले की उजेडात पानातील एक पिवळे द्रव्य कमी होते आणि काळोखात परत येते. 1962 साली अमेरिकेत हॅरी यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चक्र पूर्ण उलगडले. व्हायोलाझँथिन नावाच्या द्रव्यातून प्राणवायूचे दोन अणू निघून जातात आणि झिआझँथिन तयार होते. मक्याच्या दाण्याचा पिवळेपणा ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांतलेच हे एक, आणि आपल्या डोळ्यांच्या पडद्यावरही ते असते. उजेड उतरला की उलटी क्रिया होऊन पहिले द्रव्य परत येते. 1969 साली जर्मनीत हागर यांनी दाखविले की ही क्रिया सुरू होण्यास आम्लता लागते.

म्हणजे दोन्ही धाग्यांच्या टोकाला आम्लता होती. तरीही गाठ पडली नाही. झाक मोजणारे भौतिकशास्त्राचे लोक, रंगद्रव्ये मोजणारे रसायनाचे. एकाच कारखान्यातील दोन खात्यांनी एकमेकांशी बोलू नये, तसे झाले. या चक्राचा उपयोग काय, हा प्रश्न पंचवीस वर्षे लोंबकळत राहिला.

गाठ मारली ती एका स्त्रीने. जर्मनीत व्युर्त्सबुर्ग येथे उलरिख श्रायबर यांनी 1986 च्या सुमारास असे उपकरण केले की उन्हात उभ्या असलेल्या पानाची झाकही मोजता येऊ लागली. मधूनच एक प्रखर झोत टाकून क्षणभर सगळी केंद्रे भरून टाकावयाची. मग झाकेत जी घट उरते ती कामामुळे नाही, उष्णता करून टाकण्यामुळे आहे, हे वेगळे काढता येते. 1987 साली बार्बरा डेमिग यांनी सहकाऱ्यांसह तीन झाडांची पाने अति उजेडात ठेवून तपासली. त्यांत आपल्या दिवाणखान्यात शोभेला ठेवतात ते मॉन्स्टेराही होते. झिआझँथिन जसे वाढले तशी उष्णता करून टाकण्याची क्रियाही वाढली. त्यांनी म्हटले की हे चक्र म्हणजे जादा उजेड सुरक्षितपणे टाकून देण्याची सोय असावी.

सगळ्यांनी ते लगेच मान्य केले असे नाही. इंग्लंडच्या पीटर हॉर्टन यांचा भर प्रकाश झेलणाऱ्या प्रथिनांच्या रचनेतील बदलावर होता. निर्णय लागण्यास मदत झाली ती बिघडलेल्या झाडांची. कृष्णा नियोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या इवल्याशा रोपाची हजारो रोपटी प्रखर उजेडात ठेवून त्यांची झाक कॅमेऱ्याने टिपली. ज्याची झाक मंदावत नाही, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह बिघडलेला. 1998 साली झिआझँथिन न करू शकणारे रोप अशा रीतीने सापडले. 2000 साली शिआओ-पिंग ली व नियोगी यांनी पीएसबीएस नावाच्या प्रथिनाचे काम ओळखले. ते नसेल तर टाकण्याची ही जलद क्रिया होतच नाही.

आता चित्र असे दिसते. पान काम करताना त्याच्या पेशीतील सूक्ष्म पिशव्यांत आम्ल साठते. पुढचे काम सुरळीत असले की ते वापरले जाते. पुढचे काम तुंबले की आम्ल वाढते. ते वाढलेले आम्लच खूण देते. एकीकडे झिआझँथिन तयार होते, दुसरीकडे ते प्रथिन जागे होते आणि दोहोंच्या मदतीने प्रकाश झेलणारे हात आपली शक्ती निरुपद्रवी उष्णता करून टाकू लागतात. वरून कोणी हुकूम देत नाही. गोदाम भरले हीच सूचना. त्या अखेरच्या क्षणी रेणूंत नेमके काय घडते, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

वाया म्हणजे काय?

या सोयीशिवाय झाडाचे अडते का? प्रयोगशाळेत एकसारख्या दिव्याखाली ठेवले तर अडत नाही. ते प्रथिन नसलेले रोप इतर रोपांसारखेच वाढते. कोणी म्हणेल, मग हे खाते बंद करा. पण 2002 साली स्वीडनमधील उमिओ येथे क्युल्हाइम आणि यान्सन यांच्या गटाने ती रोपे उघड्या शेतात लावली. तेथे ढग येतात, जातात, वारा पाने हलवितो, उजेड क्षणाक्षणाला बदलतो. अशा ठिकाणी त्या रोपांनी बी कमी धरले. बंद खोलीत जे खाते फुकटखाऊ वाटले, तेच उघड्यावर वंश टिकविणारे ठरले.

येथवरची कथा आमच्या बॉयलरवाल्याच्या बाजूची झाली. पण आम्ही एकाच बाजूचे सांगून थांबलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. बॉयलरचा व्हॉल्व्ह दाब उतरताच मिटतो. पानाचा तसा नाही. तो उघडायला थोडा वेळ घेतो आणि मिटायला त्याहून पुष्कळ जास्त. ढग आला, उजेड कमी झाला, तरी पान कित्येक मिनिटे शक्ती टाकीतच राहते. ही मात्र खरी नासाडी. 2016 साली त्याच इलिनॉयमध्ये स्टीव्हन लाँग यांच्या गटाने नियोगी यांच्याबरोबर तंबाखूच्या झाडात तीन जनुकांचे काम वाढविले. संरक्षण काढले नाही, ते लवकर मिटेल असे केले. शेतात त्या झाडांचे वजन सुमारे 15 टक्क्यांनी वाढले. 2022 साली सोयाबीनवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. एका हंगामात काही वाणांचे उत्पन्न 33 टक्क्यांपर्यंत वाढले. पुढच्या हंगामात वादळी हवेने पीक लोळले आणि वाढ दिसली नाही. 2020 साली अ‍ॅराबिडॉप्सिसवर तोच बदल केला तेव्हा तर वाढ उलट खुंटली.

हे आकडे पाहून काही मित्र आम्हांला विचारतात, तुमचा या सुधारणेला विरोध आहे काय? मुळीच नाही. ज्या देशात कोरडवाहू शेतकरी सोयाबीनच्या दोन पोत्यांसाठी आकाशाकडे पाहत बसतो, तेथे अशा संशोधनाला विरोध करणे हा करंटेपणा होईल. पण कामाचा वेग वाढविण्याची योजना पुढे आली की आम्ही आयुष्यभर काही प्रश्न विचारीत आलो आहोत, तेच येथेही विचारू. मोजणी कोणत्या दिवशी केली? वाईट दिवशी काय होते? आणि वाढीव माल कोणाच्या घरी जाणार? विदर्भ-मराठवाड्यात पावसाचा ताण पडलेल्या पानाला कर्बवायू कमी मिळतो, काम आणखी लवकर तुंबते आणि उजेड अधिक टाकावा लागतो. तेथे व्हॉल्व्ह लवकर मिटविणे लाभाचे की धोक्याचे, हे तेथल्याच रानात, चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही सालांत पाहिले पाहिजे.

पानाचे उदाहरण माणसाला जसेच्या तसे लावू नये, हेही आम्ही जाणतो. पानाला मालक नाही आणि पान संप करीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की इतिहासात या उष्णतेला तीन नावे मिळाली. प्रथम ती नुकसान होती, मग संरक्षण झाली, आणि आता तिच्यातला थोडा भाग वाचवता येईल अशी आशा आहे. प्रत्येक वेळी नाव बदलले ते कोणीतरी वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी उभे राहून मोजले म्हणून. मंद उजेडात मोजणाऱ्याला जे दिसले नाही ते दुपारी मोजणाऱ्याला दिसले, आणि बंद खोलीत न दिसलेले उमिओच्या शेतात दिसले.

त्या कामगाराचा पगार कापणाऱ्यांनीही वाफ मोजली होती. त्यांचा आकडा बरोबर होता. फक्त ते बॉयलरजवळ उभे नव्हते.

सध्या चैत्र चालू आहे. सभा संपल्यावर आपण घरी जाल तेव्हा वाटेतला पिंपळ जरूर पाहा. त्याची कोवळी पालवी तांबूस असते. अजून काम न शिकलेल्या कोवळ्या पानांवर झाडाने धरलेला तो पडदा असावा, असे पुष्कळ संशोधक मानतात. आणि उद्या दुपारी त्याच्या सावलीत उभे राहाल तेव्हा एवढे ध्यानात असू द्या की वरची पाने त्या वेळी आपल्या वाट्याच्या उन्हापैकी बरेचसे मुकाट्याने टाकून देत आहेत, आणि म्हणूनच सायंकाळी ती हिरवी राहणार आहेत.